सर बसलेत

घाटनांदुरात एखाद्यानं पिणं सुरू केलं तर त्याची फारशी चर्चा होत नाही. त्यात विचारण्यासारखं काही नसतं. पण एखाद्यानं माळ ओढायला सुरुवात केली, की दुपारच्या आत बातमी स्टेशनावरच्या चहाच्या टपरीपर्यंत जाते आणि तिथं कारणाचा तपास सुरू होतो.

मी गणिताचा मास्तर. निवृत्त झाल्यावर रोज सकाळी जपाला बसायचं ठरवलं. माझी भक्ती वाढली असेल, असा संशय गावातल्या एकाही माणसाला आला नाही. मेडिकलवाल्यानं गृहीत धरलं की शुगर निघाली. सोसायटीच्या सचिवाला वाटलं, पोराच्या शिक्षणाचं कर्ज अंगावर आलं. भावकीनं अर्थ काढला की बांधाच्या केसची तारीख जवळ आलीय आणि आपली बाजू लंगडी आहे हे सराला कळलंय. एका माजी विद्यार्थ्यानं तर मोटारसायकल थांबवून, इंजिन चालू ठेवूनच विचारलं, “सर, पंचायत समितीला उभं ऱ्हायलाव का?” त्याला हसण्यात अर्थ नव्हता. आमच्याकडं पन्नाशी ओलांडलेल्या माणसाच्या कपाळावर अचानक गंध दिसू लागलं, की थोड्याच दिवसांत चौकात त्याचा बॅनर लागतो, हे गावानं डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

खरं कारण अगदीच किरकोळ होतं. बीपी जरा वर गेलं, तेव्हा डॉक्टर म्हणाले, गोळी चालू करू, पण रोज अर्धा तास शांत बसत जा. आता घाटनांदुरात माणसाला विनाकारण शांत बसता येत नाही. ओट्यावर कुणी नुसता बसलेला दिसला की चौघं येऊन शेजारी बसतात. हातात माळ असली तर निदान दोघंच येतील, असा माझा हिशोब होता.

गावाची जागाच अशी आहे, की इथं मंत्र निवडणं ही राजकीय बाब होते. एका अंगाला परळी. तिथला वैजनाथ बारा ज्योतिर्लिंगांपैकी पक्का एक. (झारखंडातल्या देवघरलाही वैद्यनाथ आहे आणि तिथले लोकही हेच म्हणतात, पण ते इथं कुणी ऐकून घेत नाही.) दुसऱ्या अंगाला अंबाजोगाई, तिथं योगेश्वरी. अंबाजोगाईला देवी आहे, आद्यकवी मुकुंदराजांची समाधी आहे, दासोपंत आहेत, मेडिकल कॉलेज आहे. फक्त रेल्वे नाही. ती आमच्याकडं आहे, निजामाच्या काळापासून. त्यामुळं अंबाजोगाईचा कितीही विद्वान माणूस असो, गाडीनं जायचं म्हटलं की घाटनांदूरच्या फलाटावर येऊन उभा राहतो आणि आम्ही त्याला गाडी किती लेट आहे ते सांगतो. अध्यात्माला आमचा हातभार इतके दिवस एवढाच होता.

मंत्र कोणता घ्यावा, हे मी कुणालाही विचारलं नव्हतं. तरी पहिल्याच आठवड्यात शिफारशी येऊन पडल्या. गल्लीतले आबा म्हणाले, “नमः शिवाय घ्या. परळी हाकंच्या अंतरावर हाय, जवळच्या देवाला लवकर ऐकू जातं.” स्वामी समर्थ केंद्रात जाणाऱ्या काकूंनी स्वामींच्या अकरा माळांचं माप सांगितलं आणि वर, “आमच्या जावयाची बदली त्याच्यानंच झाली,” असा दाखलाही दिला. जावई बदलून कुठं गेला हे विचारल्यावर म्हणाल्या, “गडचिरोली.” सप्ताह कमिटीचे अध्यक्ष रामकृष्णहरीवर ठाम होते. त्याला दीक्षा नको, खर्च नको, फोन उचलल्यावर हॅलोच्या जागी म्हटलं तरी हजेरी लागते. पुण्याच्या आमच्या जावयांनी एक अ‍ॅप पाठवलं, त्यात जप अ‍ॅपच करत होतं. आपण फक्त ऐकायचं. हे मला सगळ्यात आवडलं होतं, पण बायकोनं फोन काढून घेतला.

मग मी शास्त्र काय म्हणतं ते पाहायला गेलो आणि माझ्यातला गणिताचा मास्तर जागा झाला. मंत्र सिद्ध व्हायचा तर पुरश्चरण करायचं. मंत्राची जितकी अक्षरं तितके लाख जप. नमः शिवाय पाच अक्षरी, म्हणजे 5 लाख. गायत्री 24 अक्षरी, म्हणजे 24 लाख. अक्षरावर दर लावलेला पाहून मला शब्दावर दर लावणाऱ्या तारखात्याची आठवण झाली. पण एवढ्यावर सुटका नाही. जपाच्या एक दशांश हवन, हवनाच्या एक दशांश तर्पण, तर्पणाच्या एक दशांश मार्जन आणि त्याच्या एक दशांश ब्राह्मणभोजन. मी पाटीवर मांडून दाखवलं: 5 लाख जप, 50,000 आहुती, 5,000 तर्पणं, 500 मार्जनं आणि 50 पानं. शून्य एकेक करून कमी होत जातं, किती सुंदर श्रेढी आहे, असं मी म्हणत होतो. बायकोनं फक्त शेवटचा आकडा ऐकला. “पन्नास पानं कोण वाढणार?” म्हणाली, आणि पुरश्चरणाचा विषय मिटला.

शेवटी मी श्रीराम जय राम जय जय राम हा तेरा अक्षरांचा मंत्र घेतला. गोंदवलेकर महाराजांनी जन्मभर हाच नामाचा धडा घरोघरी पोचवला आणि त्याला ना सोवळं मागितलं ना शिक्षण. पण माझं कारण थोडं खालच्या पातळीवरचं होतं. परळी घ्यावी तर अंबाजोगाई नाराज, अंबाजोगाई घ्यावी तर परळी. राम हा तिसरा उमेदवार. शिवाय महादेव स्वतः रामनाम घेतात असं पुराणंच सांगतात, म्हणजे वैजनाथाला तक्रार करायला जागाच उरली नाही.

माळ घ्यायला परळीला गेलो. देवळाजवळच्या दुकानदारानं आधी विचारलं, देव कोणता. विष्णूचा असेल तर तुळस, शंकराचा असेल तर रुद्राक्ष, देवीचा असेल तर स्फटिक. मी राम म्हटल्यावर त्यानं तुळशीची काढून दिली आणि उरलेल्या दोन्हीही समोर मांडल्या. “घरात तिन्ही असाव्यात सर. उद्या मन बदललं तर परत इतक्या लांब येणार का?” रुद्राक्ष थेट नेपाळचा असल्याचं त्यानं शपथेवर सांगितलं. आमच्या शाळेत भूगोल शिकवणारे सहकारी नेहमी सांगायचे, की बाजारातले बारीक मणी बहुतेक इंडोनेशियातून, जावा बेटावरून येतात. मी तसं म्हटल्यावर दुकानदार म्हणाला, “तिथं बी महादेवच हाय की.”

माळेचे नियम मी बिनतक्रार मान्य केले, कारण ते कुणीतरी हिशोबी माणसानं केलेले दिसतात. मेरुमणी ओलांडायचा नाही, तिथून उलटं फिरायचं. मणी अंगठा आणि मधल्या बोटानं ओढायचा. तर्जनी लावायची नाही. मास्तराचं अख्खं आयुष्य तर्जनीवर गेलेलं असतं. ती बाजूला ठेवली की हाताला आपण कोण आहोत हेच कळेनासं होतं. पण सगळ्यात पसंत पडला तो 108 चा नियम. मणी एकशे आठ ओढायचे आणि धरायचे शंभर. वरचे आठ चुकांपोटी सोडून द्यायचे. आडतीवर माती-कचऱ्याचा म्हणून क्विंटलमागं कडता कापतात, तसा हा लक्ष उडाल्याचा कडता. माझ्या मालात कचरा किती निघतो हे पाहता आठ हा फारच सवलतीचा दर आहे.

माळेचा एक दुष्परिणाम मात्र कुणी सांगितला नव्हता. जपाची माळ हातात असते आणि वारकऱ्याची गळ्यात, हा फरक शास्त्राला कळतो, गावाला कळत नाही. आमच्याकडं ‘माळ घेतली’ म्हटलं की मटण सुटलं असंच धरतात. रविवारी मी मटणाच्या दुकानासमोर उभा राहिलो तर रांगेतल्या पाच-सहा जणांनी एकदम मागं वळून पाहिलं. दुकानदारानं सुरी खाली ठेवली. “सर, तुमी? माळ घेतली ना?” मी म्हटलं, ती हातातली आहे. “हातातलीच की,” तो म्हणाला, “पण हात कुनाचा?” याला उत्तर नव्हतं. तेव्हापासून आमच्या घरचं मटण पुतण्या आणतो, ते त्याच्याच नावावर लिहिलं जातं आणि त्यातले मोठे तुकडे तो रस्त्यातच वळते करून घेतो, असा माझा संशय आहे.

आता वेळ. ब्राह्ममुहूर्त उत्तम, असं सगळे म्हणतात. मुहूर्त म्हणजे 48 मिनिटं. सूर्योदयाच्या आधीचे दोन मुहूर्त मागं गेलं की ब्राह्ममुहूर्त लागतो, म्हणजे उगवतीच्या 96 मिनिटं आधी. आमच्या भागात मुहूर्ताची चेष्टा कुणी करत नाही. योगेश्वरी ही कोकणातली देवी, परळीच्या वैजनाथाशी तिचं लग्न ठरलेलं, वऱ्हाड घेऊन ती निघाली आणि अंबाजोगाईपर्यंत येऊन मुहूर्त टळला. वऱ्हाडाचा दगड झाला, देवी कायमची कुमारिका राहिली, आणि चित्पावनांना आपली कुलदेवता पाहायला सबंध सह्याद्री चढून बालाघाटापर्यंत यावं लागतं. अंबाजोगाईच्या हत्तीखान्यातली कोरीव लेणी दाखवून लोक म्हणतात, हेच ते वऱ्हाड. खुद्द देवीला उशीर चालला नाही, तिथं बीपीच्या पेशंटला कोण सवलत देणार?

म्हणून मी पहाटे उठलो. वाटलं होतं, या वेळी गावात मी आणि देव असे दोघंच असू. ओट्यावर आलो तर रस्त्यानं बॅटऱ्या चाललेल्या. शेतीची थ्री-फेज लाईट आळीपाळीनं येते आणि हरभऱ्याला पाणी द्यायच्या दिवसांत आमची पाळी नेमकी रात्रीची असते. त्यामुळं निम्मं गाव मोटार चालू करायला रानात चाललेलं असतं किंवा मोटार जळाली म्हणून परत येत असतं. परळीचं थर्मल इथून इतकं जवळ, की वीज तिथं तयार होते आणि आमच्या डोक्यावरून लांबच्या गावांना जाते. दूधवाले निघालेले. लातूरला दवाखान्यात नंबर लावायला जाणारे निघालेले. प्रत्येकजण माझ्यावर बॅटरी मारून जात होता. “सर, कामून उठलाव? बरं नाही का?” ब्राह्ममुहूर्तावर उठणं हा आमच्या गावात अध्यात्माचा नव्हे तर महावितरणचा भाग आहे, आणि त्यातलं पुण्य कुणाच्याच खात्यावर चढलेलं दिसत नाही.

जपाचे तीन प्रकार. वाचिक म्हणजे मोठ्यानं, उपांशु म्हणजे ओठ हलतील पण शेजाऱ्याला ऐकू जाणार नाही इतपत, आणि मानस म्हणजे मनातल्या मनात. मनुस्मृतीत यांचे दर ठरवून दिलेत. विधियज्ञापेक्षा जपयज्ञ दहापट, उपांशु शंभरपट आणि मानस हजारपट. नवशिक्यानं वाचिकापासून सुरुवात करावी, असं जाणते सांगतात. पण हजारपटीचा दर डोळ्यांसमोर असताना दहापटीत काम कोण करील? मी थेट मानसाला हात घातला.

मानसजपाची अडचण अशी, की बाहेरून पाहणाऱ्याला तो आणि झोप यातला फरक कळत नाही. आतून पाहणाऱ्यालाही फार वेळ कळत नाही. पहिला मणी राम, दुसरा राम, सातव्या-आठव्या मण्याच्या आसपास सोयाबीन येतं. 2025-26 चा हमीभाव 5,328 आणि आडतीवर त्याच्या किती खाली मागितलं ते आठवतं. मग तूर. मग ज्यानं तुरीत जनावरं घातली तो. मग त्याचा बाप, जो माझ्या वर्गात होता आणि ज्याला मी गणितात उगीच पास केला. इतक्यात मेरुमणी हाताला लागतो आणि बोटांनी आपलं काम चोख केलं असल्याचं कळतं. बोटांना मोक्ष मिळायला हरकत नाही. पुढच्या माळेत मान छातीवर येते आणि आतून बायकोचा आवाज: “अहो, झोपलाव का जप चालूय?” याला उत्तर देता येत नाही. बोललो तर जप मोडतो आणि नाही बोललो तर ती झोपेची कबुली होते.

जप चालू असताना बोलायचं नाही, हा नियम मी सगळ्यात कडक पाळतो, आणि त्याच नियमानं घरातला आवाज सगळ्यात जास्त वाढला. न बोलणाऱ्या माणसाकडं नाक असतं. एक आखूड ‘हूं’ म्हणजे हो. दोन ‘हूं हूं’ म्हणजे नाही. चढत जाणारा लांब ‘हूंऽऽ?’ म्हणजे दारात कोण आलंय. आणि ‘हूं! हूं! हूं!’ म्हणजे दूध उतू चाललंय. पण बायको तिसऱ्यालाही पहिला समजते. एकदा भावकीतल्या एकानं दारातून विचारलं, “बांधाच्या झाडाचं लाकूड आमी नेऊ का?” मी विचारलं होतं, कोण आलंय. तिनं आत येऊन सांगितलं, न्या म्हणतेत. लाकूड गेलं.

उजवा हात गोमुखीत असतो. गोमुखी म्हणजे गाईच्या तोंडाच्या आकाराची पिशवी. माळ दिसू नये म्हणून हात तिच्यात घालायचा. माळ दिसत नाही, पण पिशवी घातलेला हात अख्ख्या गल्लीला दिसतो. नव्यानं पाहणारा प्रत्येकजण आधी हळहळतो. “कुठं पडलाव सर? प्लॅस्टर कधी काढणार?” उरला डावा हात. सगळा कारभार त्याच्यावर. गॅसवाला पोरगा नेमका त्याच वेळी येतो आणि टाकी द्यायच्या आधी कोड मागतो. कोड माझ्या फोनवर, फोन माझ्या मांडीजवळ, बायको मागच्या अंगणात. चार आकडे डाव्या हातानं दाखवायचे. तीन दाखवले. जमलं. पुढचा सात. एका हाताला बोटं पाच. म्हणून आधी पाच दाखवले आणि मग दोन. त्यानं बावन्न लिहिलं. मी मान हलवली, त्यानं खोडलं. पुन्हा पाच आणि दोन, मध्ये जरा वेळ न घेता. त्यानं पंचवीस लिहिलं. गणिताच्या मास्तराला बेरीज समजावता येत नाही, असा प्रसंग माझ्यावर नोकरीत कधी आला नव्हता. शेवटी शून्य दाखवायला मूठ वळली, तेव्हा तो दोन पावलं मागं सरकला आणि टाकी घेऊन निघून गेला.

बायकोनं यावर तोडगा काढला. कुणीही आलं की दारातूनच सांगायचं, “सर बसलेत.” गावाला ते चटकन कळलं. लातूरचा एक जुना सहकारी मात्र फोनवर हे ऐकून, “सकाळी साडेसहालाच?” म्हणाला आणि संध्याकाळी काळजीनं भेटायला आला. येताना शेंगदाणे, फुटाणे आणि पुढच्या समजुतीच्या गोष्टी, सगळं बरोबर घेऊन आला होता.

यानंतर मोजण्याचा नाद लागला. जावयांनी बोटात घालायचं एक यंत्र पाठवलं. बटण दाबलं की आकडा एकानं वाढतो. चीनचा माल, रामनामाला अगदी बरोबर चालतो. पण यंत्रामुळं मला समर्थ रामदासांची थोरवी पहिल्यांदा आकड्यांत कळली. रामदासांनी नाशिकजवळच्या टाकळीला 1620 ते 1632 अशी बारा वर्षं राहून याच मंत्राचा 13 कोटी जप केला, असं परंपरा सांगते. शाळेत असताना हे मी नुसतं ऐकून सोडून दिलं होतं. आता भागाकार केला. रोजचे साडेएकोणतीस हजारांच्या वर. एका जपाला दोन सेकंद धरले तर दिवसाचे जवळजवळ साडेसोळा तास. उरलेल्या साडेसात तासांत स्नान, सूर्यनमस्कार, भिक्षा, अध्ययन आणि झोप. आणि तोंडानं नाम घेत घेत, नदीत उभं राहून. मग मी गणित उलटीकडून केलं. रोज पाच माळा ओढणाऱ्याला 13 कोटींना किती लागतील? साधारण 712 वर्षं. म्हणजे मुकुंदराजांनी शके 1110 मध्ये, सन 1188 ला, विवेकसिंधू पुरा केला त्या दिवशी अंबाजोगाईच्या एखाद्या माणसानं पाच माळांवर सुरुवात केली असती, तर त्याचे 13 कोटी 1900 सालाच्या सुमारास भरले असते. गोंदवल्याला महाराज हयात होते; जाऊन सांगता आलं असतं.

अर्थात आमच्या जिल्ह्याला लांबचा आकडा ऐकून घाबरायची सवय नाही. नगर-बीड-परळी हा 261 किलोमीटरचा रेल्वेमार्ग 1995 मध्ये मंजूर झाला आणि त्याची गाडी बीडला पोचली 17 सप्टेंबर 2025 ला. मधली तीस वर्षं अख्ख्या जिल्ह्यानं ‘रेल्वे आलीच पाहिजे’ हा मंत्र वाचिक, उपांशु आणि शेवटी शेवटी मानस अशा तिन्ही प्रकारांनी जपला. परळीपर्यंतचा मेरुमणी अजून हाताला लागायचाय.

तोंडानं जमत नसेल तर लिहून करावा, असंही एकानं सुचवलं. बाजारात चौकटी छापलेल्या वह्या मिळतात, चौकटीत एकेक नाम भरायचं. पण लिहिण्याच्या बाबतीत अंबाजोगाईच्या शेजाऱ्यानं जपून असावं. तिथल्या दासोपंतांनी गीतेवर ‘गीतार्णव’ लिहिला तो सव्वा लाख ओव्यांचा, आणि कागद अपुरा पडला की काय कोण जाणे, ‘पंचीकरण’ लिहायला घेतलं ते थेट कापडावर. ती सुमारे 40 फुटी पासोडी अजून आहे. दत्ताच्या वेडानं झपाटलेला माणूस काय करतो ते तिच्याकडं पाहिलं की कळतं, आणि आपण चौकटीची वही घेऊन उभे आहोत याची लाज वाटते. मी वही नातीला चित्रं काढायला दिली.

मधे सप्ताह आला. अखंड हरिनाम सप्ताहात माझ्या मुक्या जपाची काय कथा! पहाटे काकडा, दिवसा ज्ञानेश्वरीचं पारायण, संध्याकाळी हरिपाठ, रात्री कीर्तन, आणि या सगळ्याला भोंगा. मी मनात राम म्हणत होतो आणि जीभ भोंग्याच्या मागं जात होती. माळ रामाची, नाम विठ्ठलाचं आणि ताल पखवाजाचा. सप्ताहात वीणा सात दिवस खाली ठेवायची नसते. पहारेकरी आळीपाळीनं ती गळ्यात घेऊन उभे राहतात. रात्री तीनच्या पहाऱ्याला आमचा जुना सालगडी उभा होता. मी विचारलं, पहाऱ्यात नाम किती होतं, मोजतोस का? तो म्हणाला, “मोजायचं कशाला सर? दुसरा उठून आला की वीणा त्याच्या गळ्यात.” आणि बोटातल्या यंत्राकडं पाहून विचारलं, “हे काय, शुगर तपासायचं हाय का?”

गावाला एकदा पटलं की सर निवडणुकीला उभे राहत नाहीत आणि आजारीही नाहीत, तेव्हा सगळ्यांना माझा वेगळाच उपयोग सुचला. आपल्याला वेळ नाही, सरांना आहे. आणि सर तसेही देवाशी रोज बोलतात. मग निरोप यायला लागले. पोलीस भरतीला धावणाऱ्या पोरानं सोळाशे मीटरसाठी सांगून ठेवलं. एका बापानं मुलीच्या सोयरिकीसाठी. केंद्रातल्या काकूंनी जावयाला गडचिरोलीहून परत आणण्यासाठी. दिवाळी झाल्यावर ऊसतोडीला निघालेलं एक जोडपं ट्रॅक्टर थांबवून उतरलं. मुकादम वरून ओरडत होता. “सर, आमी चाललो कारखान्याला, मार्चपतोर. म्हातारीकडं ध्यान असू द्या.” हे देवाला सांगायचं की मलाच सांगितलं, ते मी विचारेपर्यंत ट्रॅक्टर निघाला. दोन्ही धरून चाललोय. म्हातारीला रोज संध्याकाळी विचारून येतो आणि ती मला चहा पाजल्याशिवाय सोडत नाही, त्यात साखर तीन चमचे.

मागच्या महिन्यात आमच्या मागच्या गल्लीतल्या अण्णांनी बोअर घ्यायचं ठरवलं. पाणाड्या आला, तळहातावर नारळ ठेवून रानातून फिरला, एका जागी नारळ उभा राहिला. तिथं खूण केली. बोअरची गाडी आली ती तमिळनाडूतल्या तिरुचेंगोडची. मराठवाड्याच्या पोटात किती पाणी आहे हे त्या गावच्या पोरांना आमच्यापेक्षा जास्त माहीत असतं. त्यांनी मशिनीला लिंबू बांधलं, उदबत्ती लावली, कपाळाला भस्म लावलं आणि सुरू केलं. पाचशे फूट गेले. फुफाट्याशिवाय काही निघालं नाही.

अण्णा दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या ओट्यावर.

“सर, परवा बसला नव्हता म्हनं तुमी.”

मी म्हटलं, अंगात ताप होता.

“तरीच.” ते पायरीवर बसले. “पानाड्याला बोललो, तो म्हनतो नारळ उभा ऱ्हायला व्हता, माजं काम झालं. गाडीवाल्याला बोललो, त्याला मराठी कळंना. राहिलाव तुमी.”

मी त्यांना खालचा काळा खडक, त्यातल्या भेगा, पावसाचं मुरणं, सगळं समजावून सांगितलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. मास्तराचं शेवटपर्यंत ऐकून घ्यायची त्यांना शाळेपासून सवय आहे, त्याचा परिणाम होऊ न देण्याचीही.

“बेस्तरवारी दुसरी जागा घेतलीय. गाडी पहाटं चारला येणार हाय. तुमी फुटाला एक माळ धरा.”

“अण्णा, पाचशे फुटाला पाचशे माळा. एका माळेला साडेतीन-चार मिनिटं. तीस तास होतात. तुमची गाडी पाच-सहा तासांत खाली जाईल, मी कुठं पुरा पडणार?”

अण्णांनी बोटांवर मोजलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांचा हिशोब माझ्याआधी झाला.

“मग मंगळवारी रातच्यालाच बसा की सर. तुमाला दुसरं काय काम हाय?”